डेड एअर

विश्रामबागेत, शंभर फुटीच्या कोपऱ्यावर,
खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही.
दारात मोबाईल जमा करायचा. पेनसुद्धा.
पेन कशाला, असं पहिल्या दिवशी विचारलं होतं.
कार्डाचा नंबर उतरवून घ्याल, म्हणाले.
आता कुणी विचारत नाही,
नवी पोरं आपणहून खिसे उलटे करून दाखवतात.

माझं काम ऐकणं.
दुसऱ्यांनी घेतलेले कॉल, दिवसाला बत्तीस,
आणि गुण द्यायचे:
ग्राहकाचं नाव दोनदा घेतलं तर पाच,
सहानुभूती दहा.
आठ सेकंदांच्या वर कुणी बोललं नाही
तर त्याला डेड एअर म्हणतात. वजा दहा.

मिरजेत अब्बा तंबोऱ्याची जवारी काढतात.
घोडीवर कानस एकदाच फिरवायची, तार छेडायची,
आणि ती विझेपर्यंत थांबायचं.
गिऱ्हाईक घाई करतं. अब्बा नुसता हात वर करतात.
आवाज कुठे संपला ते कळल्याशिवाय
कानस पुन्हा उचलायची नाही.
इंटरव्ह्यूत हे सांगितलं तर हर्षल सर हसले,
म्हणाले, मग तू क्वालिटीत ये.

वैजयंता पाटोळे, बुधगावची. फोनवर नेहा.
हिंदीही बुधगावचीच,
पण समोरचा माणूस फोन ठेवत नाही.
गेल्या महिन्यात तिनं एक्केचाळीस कार्डं
बंद होता होता वाचवली.
खुर्चीला फुगे बांधले, केक आला.
आपण सगळे एक कुटुंब, असं सर म्हणाले
आणि कुटुंबानं आपापल्या ब्रेकच्या मिनिटांतून
उभ्या उभ्या केक खाल्ला.

गुरुवारचा कॉल. चार मिनिटं दोन सेकंद.
ग्राहक पुरुष, वय अडुसष्ट,
बायकोच्या नावाचं जोडकार्ड बंद करायचंय.
कारण विचारणं बंधनकारक.
ती वापरत नाही आता, ते म्हणाले.
सर, वापरलं नाही तरी दोन हजार पॉइंट...
ती नाही आता, ते म्हणाले.
फेब्रुवारीत गेली. पॉइंटची हौस तिलाच.
कुकर घेतला होता पॉइंटवर.

मग अकरा सेकंद.
वैजूचा श्वास.
तिकडे पंखा, एक पातं कशाला तरी घासतंय.
लांब कुणीतरी भंगार मागत चाललंय.
अर्धवट एक शिट्टी.
तोच कुकर असेल का,
की शेजारचा?
मी मोजत होतो, सवयीनं.
तेही बोलले नाहीत. फोन ठेवलाही नाही.
बाराव्याला ती म्हणाली, बंद करते, काका.

स्क्रिप्टमध्ये काका नाही.
दुसरी ऑफर दिलेली नाही.
मेसेजवर पाच तारे द्या, हेही राहिलं.

सहानुभूतीच्या रकान्यात
'मला तुमची अडचण समजते' हे वाक्य आलं का, एवढंच विचारलंय.
आलं नव्हतं.
तिथे शून्य, पुढे वजा दहा.
नियम मी केलेला नाही, असं म्हणत
जेवणाच्या सुट्टीआधी सबमिट दाबलं.
तिचे इन्सेंटिव्हचे अठराशे गेले.

टपरीवर चहाचे पैसे मी दिले.
तिला कळलं कशाचे ते.
अरे मुबीन, सोड, म्हणाली,
नवा हेडसेट, म्यूटचं बटणच सापडेना मेलं.
आणि खारी चहात बुडवली, ती तुटली,
बोटानं काढून खाल्ली.

संध्याकाळी कॉल पुन्हा लावला.
बटण दाबलं, नुसतं चाचपलं तरी
खट् होतं, अगदी बारीक,
फ्लोअरवर माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही.
पंखा होता. शिट्टी होती.
खट् नव्हतं.

रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी आपोआप पुसली जातात.
आज एकाहत्तरावा.